लघवी गळायची थांबली, म्हणजे बरं झालं का?

मैत्रिणींनो, अंग बाहेर येण्याबद्दल गटाच्या बैठकीत कुणी मोठ्याने बोलत नाही. वही मिटली, की एखादी काकू मला बाजूला घेते. "आधी खोकलं की लघवी गळायची. आता गळत नाही, गोळा तेवढा हाताला लागतो." तिला वाटतं निम्मं दुखणं गेलं. बहुतेक वेळा ते वाढलेलं असतं.

लघवीची पिशवी योनीच्या पुढच्या भिंतीला टेकून असते. बाळंतपणं, जड ओझी, जुना खोकला, कुंथण्याची सवय, पाळी गेल्यानंतरचं वय, यामुळे खालचे स्नायू सैल पडतात. भिंत झुकते, तिच्यासोबत पिशवीही उतरते. लघवीच्या नळीचा आधार सुटला की खोकताना, हंडा उचलताना गळतं. पण पिशवी फारच खाली आली की नळीला मुरड पडते. शेतात पाइप दुमडला की पाणी अडतं ना, तसंच! गळणं थांबतं, पण लघवीही पुरती होत नाही. धार बारीक येते, उठलं की पुन्हा लागते. काहीजणी बोटाने गोळा वर सारून लघवी करतात. आत उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, मग जळजळ आणि ताप.

डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 मध्ये छापून आला. 92 टक्के बायांना स्त्रीरोग होते, पण आधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. लाज किती महाग पडते बघा.

सुरुवातीला लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळायचा व्यायाम उपयोगी पडतो. नर्सताईंकडून नीट शिकून घ्या. पुढे योनीत बसवायची रिंग किंवा ऑपरेशन. प्रत्येकीची पिशवी काढावीच लागते असं नाही.

डॉक्टरांना "आधी गळत होतं" हे आवर्जून सांगा. रिंगने किंवा ऑपरेशनने अंग वर गेलं की नळीची मुरड सुटते आणि दबलेलं गळणं परत दिसू शकतं. मग बाया म्हणतात, ऑपरेशन बिघडलं! आधी सांगितलं तर डॉक्टर गोळा वर धरून खोकायला लावतात आणि तपासतात. लघवी करून आल्यावर आत किती उरली, तेही सोनोग्राफीत कळतं.

लघवी अजिबात होईना, किंवा थंडी वाजून ताप आला, तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकटीला अवघड वाटलं तर आशाताईंना सोबत न्या, किंवा मला फोन करा, मी येते.