लिनक्सची निवड आणि जुन्या अक्षरांचे बंधन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ ह्या कार्यप्रणालीचा नियमित विनामूल्य आधार संपला. ‘विंडोज ११’ साठी विशिष्ट सुरक्षा-घटक असलेले यंत्र लागते. त्यामुळे शाळांतील व ग्रंथालयांतील सुस्थितीतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवावे, हा विचार साहजिकच पुढे येतो.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्याभोवती उपयुक्त प्रोग्रामांची जुळणी करून जे तयार संच दिले जातात, त्यांस ‘वितरणे’ म्हणतात. कोणते वितरण उत्तम, असे नवागत प्रथम विचारतो. परंतु आपले कोणते काम विंडोजवाचून अडते, हे त्याने आधी पाहावयास हवे.

बेंगळुरूचेच उदाहरण घेऊ. तेथील कन्नड गणक परिषदेने विंडोजसाठी तयार केलेले ‘नुडि’ हे लेखनसाधन कर्नाटकात सरकारी कामात रूढ झाले. त्याच्या जुन्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर कन्नड आकृती बसविलेल्या असत. तो फॉन्ट नसला, की पडद्यावर रोमन चिन्हांचा निरर्थक गोंधळ उमटतो. पुण्याच्या ‘श्री-लिपी’च्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या मराठी मजकुराची गतही हीच. म्हणजे बंधन विंडोजचे दिसले, तरी त्याचे मूळ अक्षरे साठविण्याच्या रीतीत आहे. जुना फॉन्ट लिनक्सवर नेल्यास मजकूर वाचता येईल. त्यात शब्द शोधणे मात्र साधणार नाही.

ह्यावर उपाय युनिकोडचा. त्यात प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी ‘क’चा २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना ऱ्हस्व वेलांटी व रफार ह्यांवर विशेष लक्ष ठेवावे. जुन्या फॉन्टांत ‘कि’ लिहिताना, डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे, वेलांटी आधी व ‘क’ मागून साठविला जाई. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी येतो. रूपांतर करणारा प्रोग्राम येथेच चुकण्याचा संभव असतो. म्हणून मुद्रितशोधन टाळू नये. हे काम कंटाळवाणे आहे खरे.

तरीही एखादा प्रोग्राम विंडोजवाचून चालत नसेल, तर १९९३ पासून विकसित होत असलेले ‘वाइन’ वापरून पाहावे. मात्र त्यात सर्वच प्रोग्राम चालत नाहीत. तेही न जमल्यास एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. तत्पूर्वी सर्व मजकुराची प्रत अन्यत्र काढावी, आणि जुने विंडोज पुढे इंटरनेटला जोडू नये.

एवढे झाल्यावर वितरणाची निवड फारशी कठीण राहत नाही. विंडोजची सवय असलेल्या वाचनालयास आम्ही ‘लिनक्स मिंट’ सुचवू. त्याची मांडणी ओळखीची वाटते व प्रत्येक मुख्य आवृत्तीस अनेक वर्षे आधार मिळतो. सतत बदलणारी वितरणे हौशी मंडळींस सोडून द्यावीत. निवडलेले वितरण प्रथम पेनड्राइव्हवरून चालवावे, आणि छपाईयंत्र व इन्स्क्रिप्ट कळफलक नीट चालतात असे दिसले, तरच डिस्कला हात लावावा.