फिरायला जाताना मुलांच्या हातात जीपीएस : कोणतं घ्यावं, कसं शिकवावं?



सहावीच्या भूगोलात ‘पृथ्वी आणि वृत्ते’ हा पाठ आहे. मुलं अक्षवृत्त, रेखावृत्त या व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितातही. पण ‘आपलं मैदान नेमकं कोणत्या अक्षांशावर आहे?’ असं विचारलं की वर्ग शांत होतो. हातात धरायचं जीपीएस यंत्र ही शांतता छान मोडतं. शिवाय हल्ली बरेच पालक मुलांना घेऊन गड-किल्ल्यांवर जातात. तेही विचारतात, ‘सर, फोन असताना वेगळं यंत्र कशाला? आणि घ्यायचंच तर कोणतं?’ आजच्या लेखात आपण हेच सोप्या भाषेत पाहू.

जीपीएस काम कसं करतं?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात आणि सतत वेळेचा संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढतं. आपली जागा आणि उंची नीट ठरवायला किमान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात. यंत्र फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. म्हणून त्याला ना सिमकार्ड लागतं, ना इंटरनेट. अमेरिकेच्या जीपीएससारख्याच रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि आपल्या इस्रोची नाविक या यंत्रणा आहेत.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

पूर्वी अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. ती शंभर मीटरपर्यंत जायची. २ मे २००० रोजी हे बंद झालं. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या रानात एक बादली लपवली. तिच्यात नोंदवही आणि काही वस्तू ठेवल्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जगभर खेळल्या जाणाऱ्या या ‘खजिना शोध’ खेळाची ती सुरुवात. डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथेच पुन्हा ठेवायचा.

फोन की वेगळं यंत्र?

खरं सांगायचं तर फोनमधलं जीपीएसही रेंज नसताना चालतं. नकाशा आधी घरी उतरवून घेतला असेल तर अर्ध्या दिवसाच्या सोप्या फिरण्याला फोन पुरतो. अडचण वेगळीच आहे. फोटो, व्हिडिओ, टॉर्च आणि नकाशा हे सगळं एकाच बॅटरीवर चालतं. अडीअडचणीला मदत बोलवायचं साधनही तेच. पावसाचे थेंब पडले की टचस्क्रीन ऐकत नाही. आणि महागडा फोन आपण मुलाच्या हातात मोकळ्या मनाने देत नाही. म्हणून वारंवार डोंगरात जाणाऱ्या कुटुंबाला वेगळं यंत्र उपयोगी पडतं.

घेताना काय काय बघावं?

१. बटणं की टच? पावसात आणि लहान हातांना बटणं बरी. पडदा भर उन्हात वाचता येतो का, हे दुकानाबाहेर येऊन बघा.

२. सेल. पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र सोयीचं, कारण सेल पायथ्याच्या गावातही मिळतात. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स दोन सेलवर २५ तासांपर्यंत चालतं, असं कंपनी सांगते. सेलसकट वजन सुमारे १४० ग्रॅम. ईट्रेक्स एसई त्याहून कितीतरी जास्त चालतं, पण त्याचा पडदा रंगीत नाही आणि त्यात सविस्तर नकाशा नाही. साधे स्वस्त सेल लवकर बसतात. अल्कलाइन किंवा चार्ज होणारे सेल वापरा आणि यंत्रात सेलचा प्रकार बरोबर निवडा.

३. होकायंत्र. हा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसलेलं यंत्र आपण चालत असतानाच दिशा ओळखतं. उभं राहिलं की बाण भरकटतो. डबा शोधताना शेवटच्या दहा-पंधरा मीटरात आपण थांबत थांबतच चालतो, आणि तिथेच मुलं वैतागतात. ईट्रेक्स ३२एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारी सोय आहे, २२एक्समध्ये नाही. मात्र हवा बदलली की दाबही बदलतो, म्हणून उंची माहीत असलेल्या जागी ती जुळवून घ्यावी लागते.

४. किती यंत्रणा, किती लहरी? दरीत किंवा दाट झाडीत आकाश कमी दिसतं आणि लहरी कड्यावर आपटून येतात. सांधण दरीसारख्या अरुंद घळीत जागा भलतीकडेच दाखवली जाऊ शकते. दोन प्रकारच्या लहरी पकडणारी यंत्रं, उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६५, अशा ठिकाणी जास्त भरवशाची. उघड्या माळावर साधं यंत्रही पुरतं.

५. पाणी. आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असेल तर यंत्र एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतं. आपल्या पावसाळ्याला एवढं तरी हवंच.

६. परदेशातून मागवताना सावधान! उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं (इनरीच प्रकारची, उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६७आय) भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. नातेवाईक प्रेमाने आणतील आणि विमानतळावर अडकतील. साधं जीपीएस आणि हे यंत्र दिसायला सारखंच असतं, म्हणून नाव नीट वाचा. तिकडच्या यंत्रात नकाशाही तिकडचाच असू शकतो. त्यात ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले भारताचे मोफत नकाशे टाकता येतात.

बाण म्हणजे वाट नव्हे

पालकहो, हा भाग दोनदा वाचा. ठरवलेल्या जागेकडे नेणारा बाण सरळ रेषेत दिशा दाखवतो. ‘अंतर ४०० मीटर’ असं दिसतं, पण मध्ये दरी आहे की कडा, हे बाणाला कळत नाही. सह्याद्रीत तर ढोरवाटा इतक्या की धुक्यात चांगल्या माणसाला चकवा लागतो. अशा वेळी बाणाच्या मागे धावणारं मूल थेट कड्याकडे जाईल. म्हणून यंत्र हातात देण्याआधी तीन गोष्टी शिकवा :

- पायथ्याच्या गावातून निघतानाच वाटेची नोंद सुरू करायची.
- जिथे वाट फुटते आणि जिथे पाण्याचं टाकं लागतं, त्या जागा नोंदवायच्या.
- चुकल्यासारखं वाटलं तर पुढे जायचं नाही. आलो त्याच नोंदलेल्या वाटेने मागे फिरायचं.

आणि गावातल्या माणसाला वाट विचारायला लाजायचं नाही. आदल्या पावसात कोसळलेली दरड त्याला माहीत असते, यंत्राला नाही.

मैदानावर करून पाहा

आधी लिहिण्याची पद्धत पक्की करा. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. १८° ३०.५००′ म्हणजे १८ अंश, ३० मिनिटं, ३० सेकंद. मुलं ते ‘३० मिनिटं ५० सेकंद’ असं वाचतात. फरक २० सेकंदांचा, पण जमिनीवर तो सुमारे ६०० मीटर भरतो! गणिताच्या तासाला दशांश अपूर्णांकासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

मग एकच जागा उघड्यावर, तीच पद्धत झाडाखाली आणि भिंतीलगत, अशा तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं थांबून वाचनं घ्या. कुठे आकडे जास्त हलतात, ते मुलांनाच सांगू द्या. ‘यंत्रही चुकतं’ हे त्यांना तिथे समजतं.

त्यानंतर मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेच्या आवारात डबा लपवा. डब्यावर शाळेचं नाव लिहा, आत खाऊ ठेवू नका. गड-किल्ल्यांवर, अभयारण्यात किंवा बसस्थानकासारख्या ठिकाणी डबा मुळीच ठेवू नका. वारसा आणि वन्यजीवांचे नियम आहेतच, शिवाय बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलावलं जातं.

मग कोणतं घ्यावं?

अधूनमधून फिरणाऱ्यांनी फोन आणि पॉवर बँक यावर भागवावं. महिन्या-दोन महिन्यांनी डोंगरात जाणाऱ्यांना बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं साधं यंत्र पुरे. डबे शोधण्याची हौस असेल तर होकायंत्र असलेलं घ्या. आणि निवड करताना शेवटची परीक्षा मुलाची घ्या : दुकानात यंत्र त्याच्या हातात द्या आणि ‘आता इथली जागा नोंदव आणि पुन्हा इथे परत आण’ असं सांगा. घरातल्या सगळ्यात लहान वाटाड्याला जे जमेल, तेच यंत्र तुमच्या कुटुंबाचं.

उपक्रम शाळेत करून पाहिला तर मुलांची वाचनं आणि अनुभव जरूर कळवा.