परतीची वाट नसलेले अपडेट

आमच्या वसतिगृहात दहावीपर्यंत राहिलेला एक विद्यार्थी आज सोलापुरातच मोबाइल व गेम कन्सोल दुरुस्तीचे दुकान चालवितो. गेल्या दिवाळीत तो भेटीस आला, तेव्हा पिशवीत एक कन्सोल होता. गिऱ्हाइकाने तो ‘मॉड’ केलेलाच विकत घेतला होता. म्हणजे कंपनीची मान्यता नसलेली सॉफ्टवेअरही चालावीत अशी सोय त्यात केली होती. घरातील मुलाने पडद्यावरील अपडेटच्या सूचनेस होकार दिला आणि यंत्र पुढे चालूच होईना. “सर, जुनी आवृत्ती परत का टाकता येत नाही?” हा त्याचा प्रश्न.

यंत्राच्या चिपमध्ये कायम वास करणारी मूळ आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. तिच्यात एखादी फट सापडली की कंपनी नवी आवृत्ती काढून ती बुजविते. परंतु जुन्या आवृत्तीकडे परतता येत असेल, तर बुजविलेली फट पुन्हा उघडते. म्हणून परतीची वाटच बंद केली जाते. कंपनीची ही बाजू अगदीच निराधार नाही, हे आम्ही मान्य करतो.

ही वाट बंद होते कशी, ते मोठे विलक्षण आहे. प्रोसेसरच्या आत अतिसूक्ष्म फ्यूज असतात. ‘एक्सबॉक्स ३६०’ मध्ये २००७ साली अशीच एक फट बुजविताना फ्यूज जाळण्यात आला. २०१७ च्या ‘निन्टेन्डो स्विच’ मध्ये यंत्र सुरू होताना जळालेले फ्यूज मोजले जातात. आवृत्तीच्या अपेक्षेपेक्षा ते अधिक निघाले की यंत्र तेथेच थांबते. घरातील वितळतार आपण बदलतो, ही बदलता येत नाही. स्मृती कितीही पुसली तरी जळालेले ते जळालेलेच. गंमत अशी की, त्याच स्विचच्या अगदी मुळाशी असलेल्या, कारखान्यातच कोरलेल्या आज्ञावलीत २०१८ साली दोष सापडला. तो मात्र विकल्या गेलेल्या यंत्रांत कोणत्याही अपडेटने दुरुस्त होण्यासारखा नव्हता!

तथापि अपडेट नेहमी फटच बुजविते असे नाही. ‘प्लेस्टेशन ३’ वर लिनक्स बसविण्याची सोय स्वतः सोनीने दिली होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी सुमारे १,७०० प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभारला, तो याच सोयीच्या बळावर. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती सोय काढून घेतली. अपडेट नाकारणाऱ्यास ऑनलाइन खेळ बंद. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतील गुण विक्रीनंतर काढून घेणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. अमेरिकेत यावरून ग्राहक न्यायालयात गेले.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ‘६५ अ’ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी मात्र मुभा आहे. तशा कामात दुसऱ्यास साहाय्य करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व कामाचा हेतू यांची नोंद ठेवावयाची असते. ही अट आमच्या विद्यार्थ्यास ठाऊक नव्हती. तो कन्सोल त्याने तसाच परत केला, पैसे घेतले नाहीत. दुकानात आता एक नोंदवही आहे, आणि काउंटरवर त्याच्याच हस्ताक्षरातील पाटी : ‘अपडेट करण्यापूर्वी विचारा.’