आतड्यातील दारे

आतड्याच्या आतील बाजूस पेशींचे नाजूक अस्तर असते. या पेशींना क्लोराइडची सूक्ष्म दारे असतात. दार उघडले, की क्लोराइडचे कण आतड्याच्या पोकळीत उतरतात. त्यांच्यामागून सोडियम जाते व या क्षारांच्या ओढीने पाणीही जाते. त्यामुळे आतडे ओलसर राहते. काम झाले, की दार मिटते.

पटकीच्या, म्हणजेच कॉलऱ्याच्या रोगात ही शिस्त मोडते. पटकीचे जंतू एक विष निर्माण करतात. १९५९ मध्ये कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी ते प्रयोगाने दाखवून दिले. या विषामुळे ती दारे उघडीच राहतात. अंगातील पाणी जुलाबावाटे वाहून जाते आणि रोगी काही तासांतच मरणाला टेकतो.

परंतु त्याच पेशींना दुसरेही एक दार असते. त्यातून ग्लुकोज व सोडियम जोडीने आत येतात आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ येते. हे दार पटकीच्या विषाने बंद होत नाही.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून ते रोग्यांस पाजविले. रोग्यांचे नातलगच ते पाजू लागले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४ हूनही खाली आले.

म्हणून जुलाब होत असता रोग्याचे पाणी तोडू नये. त्यास साखर-मिठाचे योग्य प्रमाण असलेले पाणी पुनःपुन्हा पाजावे.