बधिरतेची मुदत

खुब्याचा सांधा बदलून घेण्याचे ज्यांनी निश्चित केले आहे, त्यांना शल्यचिकित्सक कृत्रिम सांध्याच्या प्रकारांविषयी आणि खर्चाविषयी सविस्तर सांगतात. परंतु शस्त्रक्रियेनंतरची वेदना थोपविण्यासाठी मज्जातंतूंभोवती जो ब्लॉक दिला जातो, त्याची मुदत केव्हा संपते आणि संपल्यावर काय तजवीज केलेली आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि त्या एका उणिवेपायी जी रात्र मला काढावी लागली ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

कमरेतून दिलेली भूल काही तासांत उतरते. पुढच्या वेदनेसाठी भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत जांघेतील मज्जातंतूंच्या आसपास ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन यांसारखे बधिर करणारे औषध सोडतात. त्याचा अंमल औषधाच्या मात्रेप्रमाणे आणि माणसाच्या प्रकृतीप्रमाणे साधारणतः आठ तासांपासून जवळजवळ एका दिवसापर्यंत टिकतो. ही मोठी कृपाच म्हटली पाहिजे. कारण अफूवर्गीय औषधे त्यामुळे कमी लागतात, आणि त्यांच्यासोबत येणारी मळमळ, बद्धकोष्ठ आणि वृद्धांच्या बाबतीत होणारा बुद्धिभ्रम यांपासून पुष्कळच सुटका होते.

माझ्या केसपेपरवर वेदनाशामक इंजेक्शन ‘एसओएस’, म्हणजे गरज पडल्यास, असे नोंदविलेले होते. रात्री जेवणानंतर सिस्टरने विचारले, ‘‘काका, दुखतंय का?’’ दुखत नव्हते, म्हणून मी नाही म्हणालो, आणि तिने नियमाप्रमाणे औषध दिले नाही. उत्तररात्री जी वेदना उसळली ती हळूहळू चढत आली नाही. ब्लॉकचा अंमल ओसरताच ती पूर्ण जोराने आली, आणि डॉक्टरांना फोन करून हुकूम मिळविणे, कपाट उघडून इंजेक्शन काढणे, ते सलाईनमधून देणे आणि त्याचा गुण येणे, या साऱ्यात जो वेळ गेला त्यात मी पलंगाची लोखंडी कड घट्ट धरून पडलो होतो. भूलशास्त्रात ही उलटून येणारी वेदना सुपरिचित आहे, आणि तिच्यावरचा उपायही सुपरिचित आहे: ब्लॉक चालू असतानाच, दुखत नसले तरी, पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड व जठर यांना सोसत असल्यास दुसरे एखादे वेदनाशामक ठरल्या वेळी घेत राहणे. शिवाय खुब्याच्या सांध्याला एकाच मज्जातंतूकडून संवेदना मिळत नाही. पुढच्या बाजूची वेगळ्या मज्जातंतूंकडून, तर मागच्या बाजूची बव्हंशी नितंबाकडील शाखांतून मिळते, त्यामुळे उत्तम ब्लॉकही सारी वेदना झाकू शकत नाही. म्हणून ‘ब्लॉक किती वाजता दिला, कितीपर्यंत टिकेल, आणि त्याआधी कोणते औषध किती वाजता द्यावयाचे’ हा तपशील भूलतज्ज्ञांकडून केसपेपरवर लिहून घ्यावा, आणि रात्रपाळी बदलताना तो नव्या सिस्टरला नातेवाइकांनी आवर्जून दाखवावा.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. त्याच संध्याकाळी पायाची बोटे नीट हलत होती, तेव्हा पायात शक्ती आली असे सर्वांनी गृहीत धरले. पण वॉकरला धरून उभे राहताच गुडघा एकदम मिटला, आणि फिजिओथेरपिस्टने कमरेचा पट्टा घट्ट धरला नसता तर नवा सांधा घेऊन मी फरशीवर आलो असतो. बोटे हलविण्याचे काम मागून उतरणाऱ्या मज्जातंतूकडे असते, तर गुडघा ताठ ठेवण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे, आणि जांघेतील ब्लॉकने नेमके तेच स्नायू दुबळे होतात. उभे राहण्यापूर्वी पलंगाच्या कडेला बसून गुडघा पूर्ण सरळ करून पाहावा. तो डळमळला तर कोणी कितीही आग्रह केला तरी उठू नये. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पेंग’ या पद्धतीत सांध्याच्या पुढच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शाखाच बधिर केल्या जातात आणि मांडीची शक्ती बरीचशी शाबूत राहते. ती आपल्या बाबतीत शक्य आहे काय, हे अवश्य विचारावे. तरीही गुडघ्याची परीक्षा चुकवू नये.

बधिर मांडीला मायेपोटीसुद्धा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू देऊ नये; कातडी भाजली तरी कळत नाही. टाच एकाच जागी दाबून राहू नये म्हणून घरच्यांनी पाय अधूनमधून हलवून द्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावे. ब्लॉक देत असताना कानांत आवाज येऊ लागला, ओठांभोवती बधिरता किंवा तोंडात धातूची चव जाणवली, तर संकोच न करता तत्क्षणी बोलावे, कारण औषध रक्तात अधिक उतरल्याची ती पहिली लक्षणे असतात. आणि घरातील म्हाताऱ्या माणसाचा खुबा पडून मोडला असेल, तर ब्लॉकसाठी शस्त्रक्रियेच्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. तो दाखल होताक्षणीच, स्ट्रेचरवरून पलंगावर हलविण्याच्या यातनांआधी देता येईल काय, हे अपघात विभागातच विचारावे.