पोटातल्या बाळाला धूर कसा लागेल?

प्रश्न : लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा महिना सुरू आहे. आमच्याकडे दिवेलागणीला दारं लावून मच्छर कॉइल लावतात, फरशी रोज फिनेलने पुसतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बंद करा, बाळाच्या छातीला त्रास होतो. बाळ पोटात श्वासच घेत नाही, मग धूर त्याला कसा लागेल?
— एक वाचक भगिनी, नशिराबाद

उत्तर : ताई, बाळ हवा घेत नाही, पण लेक घेते. तिच्या फुप्फुसांतून रक्तात उतरलेली काही रसायनं वारेतून बाळापर्यंत पोचतात. बाळाच्या श्वासनलिकांच्या फांद्या साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत फुटून होतात. हवेच्या बारीक पिशव्या मात्र शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर काही वर्षं तयार होत राहतात. त्यामुळे सातव्या महिन्यात काळजी घेतली तरी ती वाया जात नाही.

इंग्लंडात ब्रिस्टल भागात १९९१-९२ मध्ये गरोदर असलेल्या हजारो बायकांना जंतुनाशक, ब्लीच, सुगंधी फवारे, रंग, कीटकनाशक अशा वस्तू घरात किती वापरता, असं विचारलं होतं. पुढे सुमारे ७,००० मुलांची माहिती तपासली. सर्वांत जास्त वापर असलेल्या घरांतल्या मुलांची छाती साडेतीन वर्षांपर्यंत सतत वाजत राहण्याची शक्यता सुमारे दुप्पट निघाली. पण जी बाई गरोदरपणी फिनेल वापरते, ती बाळ रांगू लागल्यावरही वापरतेच. म्हणून पोटातला परिणाम किती आणि नंतरचा किती, हे नेमकं वेगळं काढता येत नाही. ‘दमा होणारच’ असं कुणी सांगू नये. धोका वाढतो, एवढं म्हणता येतं, आणि मला ते पुरेसं वाटतं.

सगळ्यात आधी कॉइल थांबवा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं, आणि तुम्ही ती दारं लावून जाळता. मात्र लेकीला डासांच्या तोंडी देऊ नका. गरोदरपणी डेंग्यू-मलेरिया फार वाईट. मच्छरदाणी बांधा, खिडक्यांना जाळ्या लावा. पाणी रोज येत नसेल तर टाक्या, ड्रम घट्ट झाकून ठेवा.

फरशीला साबणाचं पाणी पुरतं. संडासातलं ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याचं काम लेकीकडे नकोच, घरातल्या पुरुषांनी करावं. कपाशीवर फवारणी करून आलेल्यानं कपडे बाहेरच उतरवावेत, आंघोळ करूनच घरात यावं. ते कपडे लेकीनं धुवू नयेत. पऱ्हाट्यांवर आंघोळीचं पाणी तापत असेल किंवा भरिताची वांगी भाजली जात असतील, तर तिला लांब बसवा. भरीत खायला काहीच हरकत नाही.

आणि बाळंतपणानंतरची धुरी! ओवा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बंद खोलीत बाळाला धुरावर धरायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि ती मायेपोटीच चालत आली आहे. पण त्या दिवसांत बाळाची फुप्फुसं नुकतीच हवा घ्यायला लागलेली असतात. उबेसाठी कपडे, टोपडं आणि आईची कूस आहे. शेगडी मात्र त्या खोलीत नेऊ नका, सासरच्या वडीलधाऱ्यांनी आग्रह केला तरी.