एकाच सूर्याखाली

जुलै महिन्यात नाशिक जिल्ह्यातील देवळा येथे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा दिवस चांगलाच वर आलेला असतो. शेतकरी केव्हाच शेतावर पोचलेले असतात आणि ढगांआडून डोकावणारे ऊन अंगणात उतरलेले असते. त्याच सुमारास, हजारो मैल दूर, इटली देशातील मोंतोने नावाच्या लहानशा डोंगरी गावी तोच सूर्य नुकता उगवत असतो.

त्या गावी एक छायायंत्र उभारलेले आहे. छायायंत्र म्हणजे सावलीवरून वेळ दाखविणारे घड्याळ. त्यास चक्रे नाहीत की किल्ली नाही. सूर्य सरकतो तशी काट्याची सावली सरकते आणि वेळ कळते. हे छायायंत्र 2023 सालच्या जुलै महिन्यात भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ लोकार्पण करण्यात आले. त्यास जे नाव दिले आहे, ते कोणा इटालियन राजाचे वा सेनापतीचे नाही. ते कोकणातील एका तरुणाचे आहे: यशवंत घाडगे.

यशवंताचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. हा तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता; त्याच जिल्ह्यास आज रायगड म्हणतात. छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी असलेला रायगड किल्ला तेथून दूर नाही. पावसाळ्यात भातशेतीने हिरवागार होणाऱ्या या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण पलटणीत जात आले आहेत. यशवंतही मराठा पलटणीत भरती झाला आणि लहान वयातच नाईक या पदास चढला.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. 4 जून 1944 रोजी दोस्त सैन्याने रोम शहर घेतले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. परंतु हटताना ते प्रत्येक टेकडी लढवीत होते. रोम शहरातून वाहणाऱ्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात अशा टेकड्या पुष्कळ आहेत. तेथेच 10 जुलै 1944 रोजी मराठा पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या बळकट ठाण्यावर हल्ला केला.

यशवंताची तुकडी पुढे सरसावली, तोच अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला. पाहता पाहता तुकडीतील सारे सैनिक ठार वा जायबंदी होऊन पडले. एकटा यशवंत उभा राहिला. मागे कोणी नाही, शेजारी कोणी नाही, हे त्यास दिसत होते. तरीही तो थबकला नाही. एकटाच मशीनगनवर धावून गेला. त्याने फेकलेल्या हातबॉम्बने मशीनगन बंद पडली व ती चालविणारा कोसळला. दुसऱ्यास त्याने आपल्या टॉमीगनने टिपले. इतक्यात बंदूक रिकामी झाली. काडतुसांची पेटी बदलण्यास अवसर नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि तिच्याच तडाख्यांनी उरलेल्या दोघांना पाडले. ठाणे हाती आले. पण दूर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याची छाती व पाठ भेदली. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच यशवंताने प्राण सोडला. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता.

ब्रिटिश सरकारने त्यास मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे शौर्याचे सर्वोच्च पदक दिले. इटलीच्या मोहिमेत अशी वीस पदके दिली गेली. त्यांपैकी सहा भारतीय सैनिकांनी मिळविली. त्या मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. यशवंताची समाधी कोठेही नाही. ज्यांच्या थडग्यांचा ठाव लागला नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कासिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत त्याचेही नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा उभा आहे.

येथे एक प्रश्न मनात उभा राहतो. यशवंत कोणासाठी लढला? तो ज्या सैन्यात होता, ते ब्रिटिश सरकारचे होते आणि त्याच सरकारने आपल्या देशास पारतंत्र्यात ठेवले होते. यशवंत टायबरच्या खोऱ्यात पडला, त्या दिवशी पंडित जवाहरलाल नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. तिकडे इटलीत हिटलरच्या सैन्याचा जुलूम मोडण्यासाठी भारतीय तरुण रक्त सांडत होते आणि इकडे त्यांच्याच देशाचे नेते स्वातंत्र्य मागितले म्हणून तुरुंगात होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकून ठेवावी, असे नाही. त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. कोणी पोटासाठी गेला, कोणी घराण्याची रीत म्हणून, तर कोणी जगावरील संकट ओळखून गेला. यशवंताने आपल्या मनीचा हेतू लिहून ठेवलेला नाही. परंतु सोबती पडल्यावर त्याने पाठ फिरविली नाही, एवढे त्याच्या कृतीने लिहून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. त्या ठाण्यात पडलेले शत्रूचे सैनिकही कोणाचे तरी पुत्र होते. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. मोंतोनेच्या छायायंत्रासाठी निवडलेल्या लॅटिन वचनाचा अर्थ हेच सुचवितो: सारे एकाच सूर्याखाली आहेत.

छायायंत्राचा एक नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याचा काटा क्षितिजाशी जो कोन करतो, तो त्या स्थळाच्या अक्षांशाएवढा असावा लागतो. मोंतोनेचा अक्षांश सुमारे 43 अंश उत्तर. देवळ्याचा सुमारे साडेवीस अंश उत्तर. म्हणून मोंतोनेसाठी आखलेले छायायंत्र जसेच्या तसे देवळ्यास आणले, तर ते चुकीची वेळ दाखवील. सूर्य एकच, पण ज्या त्या गावाने आपले छायायंत्र आपणच आखावे लागते.

स्मरणाचेही तसेच आहे. मोंतोनेचे लोक यशवंतास आपल्या मुक्ततेसाठी परक्या भूमीवर पडलेला वीर म्हणून आठवतात. पळसगावास तो घरी न परतलेला लेक म्हणून आठवतो. स्वतंत्र भारतातील मुलामुलींनी त्यास आठवावे, ते त्याचे शौर्य आणि त्याच्या काळाचे दुःख दोन्ही ओळखून.

महाराष्ट्रातील कित्येक गावांत वेशीपाशी, चावडीपाशी वा शाळेच्या आवारात सैनिकांच्या स्मरणाचे दगड आहेत. त्यांवरून ऊन सरकते, पाऊस वाहतो आणि अक्षरे पुसट होत जातात. अशा दगडापाशी कोणी मूल क्षणभर थांबले आणि त्याने एक नाव मोठ्याने वाचले, तरी ते नाव त्या दिवसापुरते पुन्हा जिवंत होते.

शब्दार्थ
छायायंत्र – सावलीवरून वेळ दाखविणारे साधन; जायबंदी – जबर जखमी; अवसर – सवड; दबा धरणे – लपून टपून बसणे; धारातीर्थी पडणे – रणांगणावर मरण येणे; चावडी – गावकामाची सार्वजनिक जागा.

स्वाध्याय
1. तुकडीतील सारे सैनिक पडल्यावर यशवंताने काय केले, ते क्रमाने लिहा.
2. ‘या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.’ त्या दोन गोष्टी कोणत्या?
3. मोंतोनेचे छायायंत्र देवळ्यास चुकीची वेळ का दाखवील?
4. छायायंत्र आणि स्मरण यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
5. आपल्या गावी सैनिकांचे स्मारक असल्यास त्यावरील नावे वहीत उतरवून घ्या. त्यांतील एकाविषयी वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.